भोपळ्यातला अंक

गेल्या मंगळवारी दस्तगीर नदाफच्या नातवाचा फोन आला.
"कोगनोळेबाई, एक तानपुरा दुरुस्तीला आलाय, गदगहून.
तबली काढलीय.
आत तुमचं टायपिंग आहे."

माझं कशावरून, मी विचारलं.
"'ष'चं पोट फुटलंय सगळीकडं.
आजोबा सांगायचे."

खरं आहे.
इन्स्टिट्यूटच्या सात नंबरच्या मशीनचा 'ष' फुटका होता,
मालक म्हणायचे, माणसाला 'ष' लागतोच किती.
रात्री आठनंतर त्याच मशीनवर मी स्टेन्सिल कापायची,
'खुंटी'चे.
आठ पानं, फुलस्केप, दोन टाचण्या,
बहात्तर प्रती; त्यापुढं स्टेन्सिल फाटायचा.
किंमत : एक पोस्टाचं तिकीट.

दस्तगीर दिवसभर जवारी घासायचा,
हाडाची भुकटी बोटांवर घेऊन यायचा
आणि उभ्यानंच सांगायचा :
लिवा बाई, पहाटे गाणाऱ्यानं मधली तार उतरवली,
कुणाला न सांगता.
लिवा, खोकला आला त्यो बी सुरात आला.
लिवा, लाइट गेली. वीस मिनिटं. कुणी उठलं नाही,
चिंचेवरचे कावळेसुद्धा.
न्हाई, कावळे खोडा.
ते उठले होते.

पुण्याहून यायचं 'सप्तकवैभव'.
मुखपृष्ठाला तीन रंग, आतला कागद बोट घसरेल असा.
त्याच रात्रीबद्दल त्यांनी छापलं होतं :
'विद्युत रोषणाईत न्हाऊन निघालेला मंडप.'
तबल्याच्या साथीला ज्यांचं नाव होतं
ते त्या रात्री तापानं फणफणत कोल्हापुरात निजलेले.
समोरच्या पानावर टॉनिकची जाहिरात.
ते टॉनिक मी घ्यायची. चांगलं होतं.

एकदा त्यांचे संपादक आले मिरजेला.
दुकानाच्या पायरीवर बूट काढले त्यांनी,
ते मला आवडलं.
म्हणाले, 'मिरजेचं पान' चालवा तुम्ही दोघं,
अंकाला पंचाहत्तर रुपये.
फक्त कुणाला नावं ठेवायची नाहीत,
दुकानदार जाहिराती देतात.
दस्तगीरनं चहा मागवला.
खुंटी पिळत बसला, तार चढवली, उतरवली,
पुन्हा चढवली.
"साखर कमी पडली का, साहेब?"
एवढंच म्हणाला.

मी हो म्हटलं.
वडिलांचा मोतीबिंदू पिकला होता.
चार वर्षं मी 'मिरजेचं पान' लिहिलं
आणि चार वर्षं प्रत्येकानं
रसिकांना मंत्रमुग्ध केलं.
मंत्रमुग्धमध्ये 'ष' येत नाही,
आणि त्यांच्या छापखान्यात
सगळी अक्षरं धडधाकट होती.

'खुंटी' एकतिसाव्या अंकाला थांबली.
दस्तगीर कधी काही बोलला नाही.
मार्केटात भेटला की विचारायचा,
वडलांना दिसतंय का आता नीट?
दिसतंय, मी म्हणायची.
पेपर वाचतात.

काल गेले दुकानात.
चपड्याचा वास, तोच.
पोरानं बॅटरी धरली भोपळ्याच्या आत.
मी चष्मा बदलला, वाकले.
पोटाच्या गोलाईवर चिकटवलेला कागद, तपकिरी पडलेला,
आतला आवाज इतकी वर्षं अंगावर घेऊन.
एकोणिसावा अंक.
"सप्तकवैभवचा कागद का नाही लावला?" मी विचारलं.
"तो सरस धरत नाही, बाई. सोलून येतो.
आणि 'खुंटी'चे गठ्ठे उरायचे ना घरात."

वाचलं, मान तिरकी करून :
लाइट गेली. वीस मिनिटं. कुणी उठलं ना
इथं भेग.
पलीकडं फुल्यांची एक रांग,
त्याखाली एक शब्द, अजून वाचता येणारा.

"काढून देऊ का?" पोरगा म्हणाला,
"वाफ दिली तर अख्खं निघेल पान."
राहू दे, म्हटलं.
भेग कुठपर्यंत गेलीय ते बघ.
त्यानं बोट फिरवलं आतून, सावकाश.
"कावळ्यांपर्यंत," म्हणाला.